आद्य प्रकाशाची साक्ष

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात जुन्या टीव्हीवरील कार्यक्रम संपले, की पडद्यावर खरखर उरे. तिचा एक अल्पसा अंश विश्वाच्या आरंभकाळातून आलेला होता, हे त्या वेळी कोणास ठाऊक होते?

विश्वाला आरंभ आहे काय, हा खटला विसाव्या शतकात उभा राहिला. १९४८ साली हॉइल, बाँडी व गोल्ड यांनी विश्व अनादि असल्याचे प्रतिपादिले: ते प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने त्याची घनता बदलत नाही. प्रतिपक्षाच्या मते विश्व अतितप्त अवस्थेतून विस्तारले. त्याच वर्षी आल्फर व हर्मन यांनी भाकीत केले, की त्या उष्णतेचा अवशेष निरपेक्ष शून्याच्या सुमारे ५ अंश वर आजही आढळावा.

१९६४ साली अमेरिकेत पेन्झियास व विल्सन यांच्या आकाशकात एक आवाज हटेना. कबुतरांची विष्ठाही साफ करून झाली. आवाज सर्व दिशांनी सारखाच! १९६५ साली त्याचा अर्थ प्रसिद्ध झाला: तो आद्य प्रारणाचा अवशेष होय. आरंभानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व निवले, अणू बनले व कोंडलेला प्रकाश मोकळा झाला. प्रसरणाने त्याच्या लहरी ताणल्या जाऊन आज त्याचे तापमान २.७ अंश उरले आहे. १९९२ साली त्यात लाखात एक अंशाइतका चढउतार आढळला. आजच्या दीर्घिकांची ती बीजे होत. त्यावरूनच विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे ठरते.

या खटल्यात हॉइलच्या बाजूने उभे राहिले त्यांचे केंब्रिजमधील शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. त्यांनी मोजमाप नाकारले नाही. त्याचा अर्थ वेगळा लावला. अवकाशातील लोहाच्या सूक्ष्म सुया ताऱ्यांचा प्रकाश शोषून पुन्हा प्रारित करतात, अशी उपपत्ती त्यांनी हॉइल व बर्बिज यांच्यासह मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांस ती पटली नाही. तरीही २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन होईपर्यंत त्यांचा आदर उणावला नाही.

वाचकहो, नवा शोध लागला, की 'हे आमच्या पुराणांत होतेच' असे म्हणण्याची आपणांस सवय आहे. जामसावळीच्या मारुतीपुढे मीही हात जोडतो. परंतु वकील म्हणून सांगतो, श्रद्धेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तेथे तिची उलटतपासणी होते, आणि तिचे ते काम नव्हे. पुराव्यापुढे मान तुकवूनही आपली बाजू अखेरपर्यंत मांडता येते, हे नारळीकरांनी दाखविले. आपणही तेवढे घ्यावे.