भाऊबीजेची माऊबीज



गेल्या दिवाळीच्या अंकाला आम्ही मोठ्या हौसेने मुखपृष्ठ केले होते. मागे रांगोळीचा फोटो, त्यावर ठळक अक्षरांत ‘दिवाळी व भाऊबीज स्नेहसंमेलन’, आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांच्यामागे छानशी सावली. संगणकाच्या पडद्यावर ते इतके देखणे दिसत होते की आम्ही एकमेकांची पाठ थोपटून मोकळे झालो. झेरॉक्स होऊन गठ्ठा आला, आणि मराठी शाळेतल्या मुलांनी ते मोठ्याने वाचले : ‘माऊबीज’. पुढच्या रविवारपर्यंत फळ्यावर ओवाळून घेणारी दोन मांजरेही आली.

एवढ्यावर भागले असते तर आम्हीही हसून विषय सोडला असता. पण त्याच रांगोळीवर, खालच्या कोपऱ्यात, कार्यक्रमाची तारीख होती. ९ नोव्हेंबर. ती दोन घरच्या आजी-आजोबांनी १ नोव्हेंबर अशी वाचली. मुले-सुना कामावर, तेव्हा कोणाला त्रास नको म्हणून हे चौघे बस बदलत हॉलपर्यंत गेले आणि बंद दारासमोर पाऊण तास पावसात उभे राहिले. नोव्हेंबरातला आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते बेलव्ह्यूकरांना सांगायला नको. ‘अहो, आमचेच डोळे अधू,’ असे ते म्हणाले. डोळ्यांचा काही दोष नव्हता. दोष आमच्या रांगोळीचा होता.

तेव्हापासून आम्ही जरा शोधाला लागलो : अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांचे हे भांडण कधीपासूनचे, आणि आपल्या आधीच्या लोकांनी ते कसे मिटवले? जे हाती आले ते इथे मांडतो.

आधी आपल्या लिपीविषयी. देवनागरीत शिरोरेषा ही नुसती छपराची तुळई नाही. ती कुठे तुटते यावर अक्षर ठरते. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य या जोड्या पाहा. डाव्या कोपऱ्यात रेषा तुटलेली असली तर भ. ती फट बुजली की म. म्हणजे ‘भला’चा ‘मला’ आणि ‘धन’चा ‘घन’ व्हायला शाईचा एक ठिपका पुरतो. उलट बाजूने, वरचा एक ठिपका हरवला तर ‘नंदी’ची ‘नदी’ होते आणि ‘चिंता’ची ‘चिता’. इंग्रजी अक्षरे मागे चित्र असले तरी बरीच तग धरतात, कारण त्यांची ओळख एकूण आकारावर असते. आपल्या अक्षरांची ओळख अशा फटींवर आणि ठिपक्यांवर आहे, आणि रांगोळीच्या फोटोत फटी आणि ठिपके यांखेरीज दुसरे असते काय?

खिळ्यांच्या छपाईत हा प्रश्न फारसा आला नाही. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांचे टंक सुबकपणाबद्दल नावाजले गेले. पण तिथे अक्षर कोऱ्या कागदावर उतरत होते. चित्र आले की भानगड सुरू होते. फोटो छापायचा तर शाईला करडा रंग माहीत नसतो. शाई असते किंवा नसते. म्हणून फोटो जाळीतून घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके करायचे, दाट ठिपके म्हणजे काळोख, विरळ म्हणजे उजेड. हाच हाफटोन ब्लॉक. दादासाहेब फाळके १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन लोकांपुढे येण्याआधी याच धंद्यात होते. रविवर्मा प्रेससाठी त्यांनी काम केले, पुढे स्वतःचा छापखाना काढला, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईचे तंत्र नि यंत्रे यांसाठी थेट जर्मनी गाठली. आपण त्यांना सिनेमाचे म्हणून ओळखतो, पण ते आधी ब्लॉकवाले होते हे विसरू नये.

आता खरी गंमत अशी. हाफटोन जाळीतून फोटो काढताना त्याच्यावर अक्षरे असली तर अक्षरांचेही ठिपके होतात. कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. हे ब्लॉकवाल्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ते अक्षरांचा लाइन ब्लॉक वेगळा करीत, त्याला जाळी लावीतच नसत, आणि दोन्ही मिळून एक ब्लॉक बनवीत. पुढे ऑफसेट छपाई आली तेव्हाही आर्टवर्कच्या पुठ्ठ्यावर फोटो आणि त्यावर चिकटवलेल्या पारदर्शक कागदावर मजकूर, अशी दोन मजली व्यवस्था असे. चित्र चित्राच्या जागी, अक्षर अक्षराच्या जागी.

मराठी अक्षर काळ्या-पांढऱ्यात कसे उभे करावे याचा खरा धडा मात्र नाटकांच्या जाहिरातींनी घालून दिला. कमल शेडगे (१९३५–२०२०) हे नाव आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. वर्तमानपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीला जागा किती, तर एखादा-दुसरा कॉलम. कागद स्वस्तातला, शाई पसरणारी, शेजारी दहा नाटकांची गर्दी. त्या चिमूटभर जागेत शेडग्यांनी हाताने काढलेले शीर्षक लांबून ओळखू येई. त्यांची कात्रणे काढून आम्ही बराच वेळ पाहत बसलो. काळ्यावर पांढरे अक्षर असले तर ते जाड असते, फटी मोकळ्या असतात, आणि सजावट अक्षराच्या अंगात असते, अक्षराच्या पाठीमागे नसते. आमच्या रांगोळीत नेमके उलटे होते. असो.

आता आपल्या गावाकडे येऊ. बेलव्ह्यूची या गोष्टीत जागा आहे, आणि ती आपल्या मुलांना माहीत असावी. मायक्रोसॉफ्ट १९७९ च्या जानेवारीत आल्बुकर्कीहून बेलव्ह्यूला आली आणि १९८६ च्या फेब्रुवारीत रेडमंडला गेली. या दोहोंच्या मध्ये, नोव्हेंबर १९८५ मध्ये, कंपनीचे बिऱ्हाड इथे नॉर्थअप वेवर असतानाच विंडोजची पहिली आवृत्ती बाहेर पडली, आणि तिच्यासोबत ‘पेंट’ हा चित्रे काढायचा प्रोग्रॅम आला. त्यात रंग दोनच, काळा आणि पांढरा. अक्षरे टाकता येत, पण टाकून पुढे गेले की ती अक्षरे राहत नसत, त्यांचे ठिपके होत. चूक दुरुस्त करायची तर खोडा आणि पुन्हा टाका. आणि खोडताना मागचे चित्रही पुसले जाणार. शंभर वर्षांपूर्वी ब्लॉकवाल्यांनी जे वेगळे ठेवले होते, ते संगणकाने पुन्हा एका पाटीवर आणून ठेवले.

त्याच वर्षी, जुलै १९८५ मध्ये, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडे सिअ‍ॅटलच्या पायोनियर स्क्वेअर भागातून आल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ बाजारात आले. कंपनीचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. कंपनीचे नाव त्यांनी व्हेनिसचा जुना मुद्रक आल्डस मनुशियस याच्यावरून ठेवले, आणि ते शोभूनही दिसले, कारण पेजमेकरने छापखान्याची जुनी शिस्त पाळली : मजकुराची चौकट वेगळी, चित्राची वेगळी. आज आपल्यासारखी चार माणसांची मंडळे स्वतःचे अंक काढतात त्याचे मूळ तिथे आहे. पुढे १९९४ मध्ये आल्डस अडोबीत विलीन झाली.

पण छापणारे यंत्र? त्या वेळचा लेझर प्रिंटर इंचाला ३०० ठिपके देई. ऐकायला पुष्कळ वाटते. करड्या छटेसाठी मात्र ठिपक्यांचे गट करावे लागतात. इंचाला ६० ओळींची जाळी धरली तर एका घरात पाच बाय पाच, म्हणजे २५ ठिपके, आणि कोरे घर धरून एकूण छटा २६. काळ्या अक्षरासाठी पूर्ण ३०० आणि करड्यासाठी जेमतेम ६०, असा हा हिशेब आहे. म्हणून करड्या रंगातली वेलांटी तुटक येते आणि काळीकुळकुळीत वेलांटी सुरेख येते. प्रिंटर आता पुष्कळ सुधारले, हिशेबाची तऱ्हा तीच राहिली.

फोटोशॉपची कथा तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. टॉमस नोल हा मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणारा विद्यार्थी. त्याच्या मॅकिंटॉशचा पडदा फक्त काळा-पांढरा, त्यावर करडा फोटो दिसावा म्हणून त्याने १९८७ मध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे इथेही सुरुवात ठिपक्यांपासूनच! त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या करामती करणाऱ्या कंपनीत होता. त्याने यात धंदा पाहिला. फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने फोटोशॉप बाजारात आणले. पहिली चार वर्षे त्यातही अक्षर चित्रात मिसळूनच जाई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘लेयर’ आले, म्हणजे तोच जुना पारदर्शक कागद. आणि टाकलेले अक्षर नंतर बदलता येणे, तसेच एका कळीसरशी सावली देणे, या सोयी १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आल्या. सोय झाली आणि जगभर प्रत्येक अक्षराला सावली फुटली. आम्ही तो रोग जरा उशिरा लावून घेतला, एवढेच.

मराठीचे दुखणे इथे संपत नाही. नव्वदच्या दशकात शिवाजी, किरण, शुषा असे फाँट आपण फ्लॉपीवरून एकमेकांना देत होतो. पुण्याहून आलेली श्री-लिपी ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी अंकाच्या आधी गर्दी. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. संगणकाला वाटे, आपण इंग्रजीच लिहितो आहोत. त्यामुळे ते कोणत्याही प्रोग्रॅममध्ये निमूट चालत. मग युनिकोड आले. अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, पण तुकडे जुळवायचे काम आता प्रोग्रॅमने करायचे होते. विंडोज २००० मध्ये ते जमले. त्यातला देवनागरी ‘मंगल’ हा टंक मुंबईच्या एनसीएसटी संस्थेत र. कृ. जोशी यांनी रेखला. पवईच्या आयआयटीत शिकवणारे, अक्षरांवर जीव टाकणारे, कवीही असलेले हे जोशीसर २००८ मध्ये गेले. आपल्या घरापासून पाच-सात मैलांवर बनलेल्या विंडोजमध्ये मराठी अक्षर आले ते असे मुंबईहून. चित्रांच्या प्रोग्रॅमना मात्र बराच काळ ही जुळणी येत नव्हती. ‘कि’ लिहिले की वेलांटी क च्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडून पडत. म्हणून अनेकांनी फोटोशॉपसाठी जुने फाँटच जपून ठेवले. आता ती अडचण उरलेली नाही. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची किंवा सर्व लिप्यांची सोय निवडली की झाले. टंकांचीही ददात नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ तर बारीकपासून खूप जाडपर्यंत सात वजनांत फुकट मिळतो.

नवे संकट फोनवरून येते. आमच्याकडे हल्ली कार्यक्रमाची पत्रके तयार चित्राच्या रूपात येतात : मोरपीस, समई, वर सोनेरी अक्षरे. चित्र जेपेगमध्ये बंद झाले की लेयर संपले, अक्षर पुन्हा ठिपक्यांत विरघळले. जेपेग हे फोटोसाठी केलेले तंत्र. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून दाबते, आणि अक्षरांच्या तीक्ष्ण कडांपाशी धुळीसारखे डाग सोडते. ते चार गटांतून फिरून आले की दर फेरीला आणखी दाबले जाते. मग आम्ही ते काळ्या-पांढऱ्यात झेरॉक्स करतो. दोन रंग डोळ्यांना कितीही वेगळे वाटोत, त्यांचा उजळपणा सारखा असला तर झेरॉक्सला दोन्ही जवळजवळ एकच करडे दिसतात.

आम्ही यंदा काय केले ते सांगतो. रांगोळीचाच फोटो घेतला. तो आधी रंग काढून करडा केला, कारण झेरॉक्स जे पाहणार तेच आपण पाहावे. मग ‘लेव्हल्स’मध्ये सर्वांत गडद छटा उचलून २५५ पैकी १८० च्या आसपास आणली, रांगोळी फिकी पडली, पण ओळखू येते. अक्षराखालचा भाग थोडा धूसर केला, म्हणजे ठिपके अक्षरांशी गोंधळ घालत नाहीत. सावली काढली, भ च्या फटीत जाऊन बसली होती ती तीच. त्याऐवजी अक्षराभोवती बारीक पांढरी कड दिली. फाँट एक पायरी जाड घेतला, दोन पायऱ्या नाही, कारण फार जाड केला की फटी आतून बुजतात. एवढे करून एक प्रत काढली, त्या प्रतीची पुन्हा प्रत काढली, आणि ती त्या चौघांपैकी एका आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा न लावता ‘भाऊबीज’ वाचले. तारखेपाशी मात्र किंचित थांबले. म्हणून आम्ही तारीख फोटोवरून पूर्ण काढली.

तेव्हा या अंकासाठी पत्रके पाठवताना फोटो वेगळा आणि मजकूर वेगळा, युनिकोडमध्ये टाइप करून, दसऱ्याच्या आत पाठवावा ही विनंती. सजवलेले चित्रच पाठवायचे असेल तर खुशाल पाठवा, पण सोबत वार, तारीख, वेळ आणि पत्ता साध्या ओळींत हवाच. मुखपृष्ठावर रांगोळी आहे, तिच्याखाली कोरी पांढरी पट्टी आहे, आणि त्या पट्टीत तारीख अंकांत आणि अक्षरांत अशी दोनदा छापली आहे.