आकाशातील चढाओढ

व्यापारात प्रतिस्पर्धी वाढले की मालाचे दर उतरतात आणि ग्राहकाचे हित साधते, हा सामान्य नियम होय. भारतीय विमानवाहतुकीच्या इतिहासात मात्र या नियमाची मोठी किंमत मोजावी लागली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस टपालाचे विमान आणले. पुढे १९३७ मध्ये मुंबई ते दिल्ली हा मार्ग इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेरवरून सुरू झाला. हैदराबादेत निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ साली डेक्कन एअरवेज उभी राहिली. महायुद्ध संपले आणि लष्कराची शिल्लक डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. विमान मिळणे सोपे झाले. उतारू मिळणे मात्र तितके सोपे नव्हते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या परवाना मंडळाने एकामागून एक कंपन्यांना परवाने दिले आणि मोजक्या उतारूंचे अनेक वाटेकरी झाले.

कापडाचे ठाण आज खपले नाही तर उद्या खपते. उडालेल्या विमानातील रिकामी जागा कायमची बुडते. विमान अर्धे भरो वा पूर्ण, पेट्रोल, वैमानिकांचे वेतन व दुरुस्ती यांचा खर्च फारसा कमी होत नाही. त्यातच १९४९ च्या सप्टेंबरात रुपयाचे अवमूल्यन झाले आणि अमेरिकेतून येणारे सुटे भाग महागले. अंबिका व ज्युपिटर या कंपन्या तर लवकरच बंद पडल्या.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने १९५० साली या दुरवस्थेची चौकशी केली. कंपन्यांची संख्या व्यवसायाच्या मानाने फाजील आहे, असा तिचा निष्कर्ष होता. राष्ट्रीयीकरण काही वर्षे लांबवावे आणि कंपन्यांनी एकत्र यावे, असा सल्ला तिने दिला. एकीकरण घडले नाही. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी नऊ कंपन्या सरकारी महामंडळांच्या स्वाधीन झाल्या. डेक्कन एअरवेज त्यांतीलच एक.

मक्तेदारीनेही प्रश्न सुटला नाही. चढाओढ संपली, तशी उतारूची निवडही संपली. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि आकाश पुन्हा खुले झाले. स्वस्त तिकिटांमुळे मध्यमवर्गीय कुटुंबेही विमानात बसू लागली, हा लाभ निर्विवाद आहे. पण किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. दरम्यान २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली.

माणसे बदलली, विमाने बदलली. हिशेब तोच राहिला. इंधनाचा भाव, परकीय चलनाचा दर आणि सरकारी कर यांवर कोणत्याही कंपनीची सत्ता चालत नाही. म्हणून केवळ भाडे उतरवून प्रतिस्पर्ध्याला हरविणारी कंपनी पुष्कळदा स्वतःच्याच तिजोरीला हरविते, आणि तिच्या पराभवाची झळ प्रथम तिच्या नोकरवर्गाला व आगाऊ तिकीट घेतलेल्या उतारूला बसते.