तळं नक्की कुणाचं? वर्ड्सवर्थ, रेल्वे आणि दोन शिलिंग

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात ‘डॅफोडिल्स’ नावाची कविता होती, आठवतेय? आपल्यापैकी कितीतरी जणांनी डॅफोडिलचं फूल आयुष्यात पाहिलेलं नाही, पण त्या कवितेची ‘सेंट्रल आयडिया’ मात्र पाठ होती, कारण ती चार मार्कांना यायची.

तर ती फुलं खरी होती आणि ती जागाही खरी आहे. उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे अल्सवॉटर नावाचं लांबट सरोवर आहे आणि त्याच्या काठावर गोबॅरो नावाचं रान आहे. १५ एप्रिल १८०२ या दिवशी विल्यम वर्ड्सवर्थ आणि त्याची बहीण डोरोथी तिथून चालत घरी निघाले होते. वारा सुटला होता आणि पाण्याच्या कडेने पिवळ्या फुलांचा पट्टाच्या पट्टा डोलत होता. डोरोथीने हे सगळं डायरीत लिहून ठेवलं. कविता नंतर झाली आणि छापून आली १८०७ साली. कवितेत मात्र हा गृहस्थ एकटाच फिरतोय. बहिणीला जागा नाही. असो, तो वेगळ्या एपिसोडचा विषय आहे.

आजचा विषय असा, की त्याच गोबॅरोच्या काठावर शंभरेक वर्षांनी बंगल्यांचे प्लॉट पडणार होते. ते पडले नाहीत. का पडले नाहीत, ते सांगायचं तर आधी वर्ड्सवर्थशी थोडं भांडावं लागेल.

त्याच्याही आधी एक गंमत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा भाग म्हणजे खडक, धुकं आणि मेंढ्या. सहलीला कोण जाणार? मग श्रीमंतांमध्ये ‘देखावे’ बघायची टूम निघाली. १७७८ मध्ये थॉमस वेस्टने या भागाचं गाइड छापलं. कुठल्या सरोवराकाठी नेमकं कुठे उभं राहायचं, तेही त्यात सांगितलेलं. म्हणजे आजचे ‘व्ह्यू पॉइंट’च! सोबत न्यायचा एक छोटा, काळसर, फुगीर आरसा. सरोवराकडे पाठ करून उभं राहायचं, आरसा समोर धरायचा आणि मागचा देखावा आरशात बघायचा. त्यात तो चित्रासारखा दिसतो म्हणे. समोर साक्षात सरोवर आहे आणि माणूस पाठ फिरवून हातातल्या चौकटीत बघतोय... ओळखीचं वाटतंय ना? थॉमस ग्रे हा मोठा कवी १७६९ मध्ये हा उद्योग करता करता चिखलाच्या वाटेवर उताणा पडला आणि बोटं सोलून घेतली. सेल्फीच्या नादात झालेल्या अपघाताची याहून जुनी नोंद मला तरी सापडलेली नाही.

पुढे नेपोलियनच्या युद्धांमुळे इंग्रजांचं युरोपात फिरणं बंद झालं, आणि ही सगळी हौशी मंडळी लेक डिस्ट्रिक्टकडे वळली.

आता वर्ड्सवर्थ. हा तिथलाच, तिथे जन्मलेला, तिथेच वाढलेला. त्याने १८१० मध्ये एका चित्रसंग्रहासाठी या भागाची ओळख लिहून दिली, तीही नाव न घालता. तीच वाढत वाढत स्वतंत्र गाइड बनली आणि १८३५ पर्यंत तिची पाचवी आवृत्ती निघाली. त्याच्या हयातीत हे पुस्तक चांगलं खपलं. त्यात तो बाहेरून येऊन बंगले बांधणाऱ्यांवर चिडलेला आहे. पांढऱ्याफटक रंगाची घरं हिरव्या डोंगरात डोळ्यांत खुपतात, ओळीने लावलेली लार्चची झाडं परकी दिसतात, अशी त्याची तक्रार. आणि शेवटाकडे तो एक फार मोठी गोष्ट म्हणून जातो: हा प्रदेश एका अर्थाने साऱ्या राष्ट्राची मालमत्ता आहे, ज्याला डोळे आहेत आणि मन आहे त्याचा यात वाटा आहे.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण नऊ वर्षांनी लोक तो वाटा मागायला आले.

१८४४ मध्ये केंडलपासून विंडरमिअर सरोवरापर्यंत रेल्वे आणायचं ठरलं. विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक सरोवर, साधारण १७ किलोमीटर लांब. जवळच लँकशरच्या कापडगिरण्या. म्हणजे रेल्वे आली की सुट्टीच्या दिवशी गिरणी कामगार सरोवरावर येणार. वर्ड्सवर्थ तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा, वर्षभरापूर्वीच राजकवी झालेला. तो पेटून उठला. ऑक्टोबरमध्ये रेल्वेविरुद्ध कविता लिहिली आणि डिसेंबरमध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राला दोन लांबलचक पत्रं.

ती पत्रं वाचताना माझी फार पंचाईत होते. कारण निम्म्या गोष्टी मला पटतात. तो म्हणतो, इथे यायला रस्ते आहेतच, घोडागाड्या आहेत, पायी येता येतं. तो म्हणतो, कंपनीवाले गरिबांच्या नावाने गळा काढतात, पण त्यांना हवा आहे नफा. पुढे गर्दी जमवायला कुस्त्या ठेवतील, होड्यांच्या शर्यती लावतील, दारूचे गुत्ते उघडतील. यातलं बरंचसं आपण आपल्याकडच्या धरणांच्या काठी बघतोच की! टेंट, स्पीकर, ‘लेक टच’ प्लॉटच्या पाट्या.

पण उरलेलं निम्मं? तिथे तो म्हणतो की डोंगर-सरोवरांचं सौंदर्य कळायला मनाची मशागत लागते, ती एका दिवसात होत नाही. कामगारांना असं हजारोंच्या संख्येने गाडीत भरून आणल्याने त्यांचं काही भलं होणार नाही. त्यांनी आपल्या गावाजवळच्या शेतांतून फिरून हळूहळू सवय करावी. म्हणजे ज्याला डोळे आणि मन आहे त्याचा वाटा, पण गिरणीतल्या माणसाला डोळे आणि मन आहे की नाही, हे ठरवणार वर्ड्सवर्थ. आणि ज्याने पाच आवृत्त्यांचं गाइड लिहून अख्ख्या देशाला तिथली वाट दाखवली, तोच आता दारात उभा राहून ‘जागा फुल्ल आहे’ म्हणतोय! आपणही हेच करतो. एखादा धबधबा सापडतो, पहिली रील आपण टाकतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे जाऊन म्हणतो, ‘शी! किती पब्लिक आलंय.’

रेल्वे झालीच. एप्रिल १८४७ मध्ये पहिली गाडी आली. मात्र ती सरोवराच्या वर, बर्थवेट नावाच्या वस्तीपाशी थांबली. स्टेशनला नाव दिलं विंडरमिअर आणि त्याच्याभोवती त्याच नावाचं अख्खं गाव उभं राहिलं. पुढे अँबलसाइड, ग्रासमिअरपर्यंत रूळ कधीच गेले नाहीत.

यानंतरची पहिली मोठी लढाई पाण्याची होती. मँचेस्टरला पाणी हवं होतं, म्हणून महापालिकेने थर्लमिअर सरोवरावर धरण बांधायचं ठरवलं. विरोध झाला, पण १८७९ मध्ये पार्लमेंटने कायदा केला. वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि १८९४ मध्ये सुमारे दीडशे किलोमीटरवरून, केवळ उताराच्या जोरावर, पाणी मँचेस्टरला पोचलं. (मुंबईसाठी तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झालं. शहरांची तहान तेव्हा सगळीकडे एकदमच वाढलेली दिसते.) विरोधक हरले, पण हरताना एकमेकांना ओळखू लागले. त्यातली ऑक्टेव्हिया हिल लंडनमध्ये गरिबांच्या चाळी सांभाळणारी बाई. धुराने कोंडलेल्या माणसांना मोकळी हवा आणि हिरवी जागा मिळायलाच हवी, हा तिचा ध्यास. सौंदर्य ‘कळण्याची’ परीक्षा ती घेत नव्हती.

दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे हार्डविक रॉन्स्ली. हा पाद्री. १८८३ मध्ये डर्वेंटवॉटर सरोवराच्या कडेने खाणीतला पाटीचा दगड वाहून न्यायला रेल्वे काढायचा घाट घातला गेला. रॉन्स्लीने पत्रं लिहून, सभा घेऊन एवढा गदारोळ केला की ते विधेयक मागे घ्यावं लागलं. इथपर्यंत हा वर्ड्सवर्थचाच वारस वाटतो. पण चार वर्षांनी बघा काय झालं. जवळच्या केझिक गावाजवळ लॅट्रिग नावाची टेकडी आहे. जमीनदाराने तिच्या वाटा बंद केल्या. गावात पायवाटा वाचवणारी संघटना होती आणि तिच्यात हा रॉन्स्लीही होता. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे २००० माणसं अडथळे हटवून टेकडीवर चढली. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि माथ्यावर जाणारी वाट लोकांसाठी खुली राहिली.

मला हा तपशील सगळ्यात जास्त आवडतो. रेल्वे अडवणारे आणि कुंपण तोडणारे एकाच बाजूचे! सरोवर वाचवायचं ते लोकांपासून नव्हे, तर ते एकट्याच्या मालकीचं करू पाहणाऱ्यापासून, हा विचार इथे पक्का झाला. पण त्याला पैसा लागतो. सह्यांची मोहीम एक प्रकल्प थांबवते, जमीन दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या नावावर होते.

म्हणून जानेवारी १८९५ मध्ये हिल, रॉन्स्ली आणि रॉबर्ट हंटर हा वकील, अशा तिघांनी नॅशनल ट्रस्ट काढला. कल्पना साधी: वर्गणी काढायची, जागा विकत घ्यायची आणि सर्वांसाठी खुली ठेवायची. १९०७ च्या कायद्याने तिला आणखी धार आली. ट्रस्टने एकदा ‘अहस्तांतरणीय’ ठरवलेली जागा पुढे खुद्द ट्रस्टलाही विकता येत नाही.

१९०२ मध्ये डर्वेंटवॉटरच्या काठावरचं ब्रँडलहाउ हे १०८ एकरांचं रान विक्रीला निघालं. हवे होते ६५०० पौंड. जाहीर आवाहन केलं आणि पाच महिन्यांत रक्कम उभी राहिली. त्यात एका कामगाराचे दोन शिलिंग होते. त्याने सोबत कळवलं होतं की याहून जास्त परवडत नाही, पण मी एकदा डर्वेंटवॉटर पाहिलंय आणि ते मला विसरता येत नाही. सोबत्यांनाही मदत करायला सांगतो. आणखी कुणी लिहिलं, की जन्मभर ही सरोवरं बघायची इच्छा होती, आता काही ते जमणार नाही, पण दुसऱ्यांसाठी ती राहावीत म्हणून पैसे पाठवतोय.

ज्याला सौंदर्य कळणार नाही म्हणून अठ्ठावन्न वर्षांपूर्वी अडवायचं ठरत होतं, तोच माणूस खिशातून पैसे काढून सरोवर वाचवत होता. आणि ‘एकदा पाहिलंय’ म्हणजे तो कसा गेला असेल? मला तर वाटतं, सुट्टीच्या दिवसाच्या स्वस्त तिकिटावर, रेल्वेनेच.

चार वर्षांनी पाळी आली आपल्या डॅफोडिलवाल्या गोबॅरोची. तिथे घरं बांधायला जमीन काढायची चाललं होतं. पुन्हा वर्गणी, या वेळी १२,००० पौंडांच्या आसपास, आणि १९०६ मध्ये सुमारे ७५० एकर ट्रस्टकडे आले. प्लॉट टळले ते असे.

विसाव्या शतकाचं झटपट सांगतो. ‘पीटर रॅबिट’ची लेखिका बिअ‍ॅट्रिक्स पॉटरने १९१२ मध्ये विंडरमिअरवर पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या गोंगाटाविरुद्ध पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या. पुस्तकांच्या पैशातून ती शेतं विकत घेत राहिली आणि १९४३ मध्ये मरताना ४००० एकरांहून जास्त जमीन ट्रस्टला देऊन गेली. १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान झालं. विंडरमिअरवर स्पीडबोटींचा धुमाकूळ होता. त्यावर ताशी १० सागरी मैलांची, म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घालायचं ठरलं. बोटवाले भांडले, त्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली आणि २००५ पासून ती लागू झाली. धंदा बुडेल म्हणून ओरड झाली होती. लोक यायचे काही थांबले नाहीत.

थांबत नाहीत, हीच आता अडचण आहे. आत राहणारे सुमारे चाळीस हजार आणि वर्षाला येणारे दीड कोटीहून जास्त. बहुतेक सगळे मोटारीने. अरुंद दगडी भिंतींच्या रस्त्यांवर रांगा, गावात पार्किंगवरून भांडणं, आणि उन्हाळ्यात विंडरमिअरच्या पाण्यावर हिरव्या शेवाळाचा तवंग, ज्याचं एक कारण मैलापाणी. जमीन विकत घेऊन प्लॉट अडवता येतात, गाड्या आणि सांडपाणी तसं अडवता येत नाही.

आणि त्या रेल्वेचं काय झालं? १९७३ मध्ये तिचा एक रूळमार्ग उखडला, आज एकेरी मार्गावर डिझेलची गाडी धावते. विजेवर चालवायची योजना होती, सरकारने ती २०१७ मध्ये रद्द केली. आज गाड्यांची गर्दी कमी व्हावी म्हणून निसर्गप्रेमी मंडळी काय मागतायत? हीच रेल्वे सुधारा, फेऱ्या वाढवा!

तुमच्यापैकी कुणी शिकायला किंवा नोकरीला तिकडे असेल आणि जायचा बेत असेल, तर मोटार भाड्याने घेऊ नका. ऑक्सनहोमला गाडी बदला, वीसेक मिनिटांत विंडरमिअर. वर्ड्सवर्थची कबर ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात आहे. तिथवर रेल्वे आजही जात नाही. स्टेशनबाहेरून ५९९ नंबरची बस पकडा.