टी-शर्टवरची घोषणा, दंडावरची काळी फीत: शाळा विद्यार्थ्याला कपडे बदलायला लावू शकते का?

मार्च २०२३. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिडलबरो गावात सातवीतला १२ वर्षांचा एक मुलगा ‘जेंडर फक्त दोनच असतात’ असं लिहिलेला टी-शर्ट घालून शाळेत गेला. शाळेने टी-शर्ट बदलायला सांगितलं. त्याने नकार दिला, तेव्हा वडिलांना बोलावून त्याला घरी पाठवण्यात आलं. काही आठवड्यांनी तो पुन्हा आला. टी-शर्ट तोच, पण ‘फक्त दोनच’ या शब्दांवर ‘सेन्सॉर केलेले’ अशी पट्टी. शाळेने तोही काढायला लावला.

कुटुंब कोर्टात गेलं आणि हरलं. जून २०२४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दोन न्यायाधीशांनी, सॅम्युएल अलिटो आणि क्लॅरेन्स थॉमस यांनी, त्यावर लेखी असहमती नोंदवली.

टी-शर्टवरचं मत कुणाला पटेल, कुणाला झोंबेल. कोर्टासमोरचा प्रश्न मात्र वेगळा होता: अंगावर घातलेलं मत हे भाषण आहे का? आणि असेल, तर शाळा ते कधी थांबवू शकते? या प्रश्नावर अमेरिकेत साठेक वर्षं खटले चालू आहेत आणि जवळपास प्रत्येक खटल्यात १९६९ च्या एका निकालाचा दाखला दिला जातो.

काळ्या फितीचं प्रकरण काय होतं?

डिसेंबर १९६५. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात काही कुटुंबांनी ठरवलं, की युद्धात दोन्ही बाजूंनी मेलेल्यांच्या शोकासाठी आणि युद्धविरामाच्या मागणीसाठी नववर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत दंडावर काळी फीत बांधायची. शाळांना आधीच कुणकुण लागली. १४ डिसेंबरला मुख्याध्यापकांची बैठक झाली आणि नियम आला: फीत बांधून येणाऱ्याला ती काढायला सांगायची, नाही काढली तर निलंबन. फीत काढून आला की पुन्हा वर्गात प्रवेश.

१३ वर्षांची मेरी बेथ टिंकर १६ डिसेंबरला फीत बांधून गेली, त्याच दिवशी ख्रिस्तोफर एकहार्टही गेला. दुसऱ्या दिवशी मेरी बेथचा १५ वर्षांचा भाऊ जॉन गेला. १८ हजार विद्यार्थ्यांच्या त्या शाळा-व्यवस्थेत एकूण पाच जण निलंबित झाले. टिंकर कुटुंबाला धमक्यांचे फोन आले, घरावर लाल रंग फेकला गेला.

सुट्टीनंतर मुलं फितीशिवाय परतली. पण मेरी बेथ उरलेलं वर्षभर काळे कपडे घालून शाळेत गेली. त्याला नियमात कुठे बंदी नव्हती!

खालच्या कोर्टाने शाळेची बाजू उचलून धरली. अपील कोर्टात न्यायाधीशांची मतं समसमान विभागली गेल्याने तो निकाल कायम राहिला. शेवटी २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने कौल दिला.

सुप्रीम कोर्टाने काय म्हटलं?

निकाल लिहिणारे न्यायाधीश होते एब फोर्टास. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की विद्यार्थी किंवा शिक्षक शाळेच्या फाटकाशी आले म्हणून त्यांचे घटनात्मक हक्क तिथेच गळून पडत नाहीत. एखादं मत अप्रिय आहे किंवा त्यावरून वाद होईल अशी धाकधूक वाटते, एवढ्यावर शाळा ते दाबू शकत नाही. त्यासाठी दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागेल. एक, त्या अभिव्यक्तीमुळे शाळेच्या कामात मोठा आणि खराखुरा व्यत्यय आला, किंवा येईल असं मानायला ठोस आधार आहे. दोन, त्यामुळे इतर विद्यार्थ्यांच्या हक्कांवर घाला येतो.

कोर्टाने आणखी एक गोष्ट हेरली. याच शाळांमध्ये निवडणूक प्रचाराचे बिल्ले चालत होते. काही विद्यार्थी ‘आयर्न क्रॉस’ घालत, जे नाझींचं चिन्ह म्हणून ओळखलं जायचं, त्यालाही कुणी हरकत घेतली नव्हती. बंदी होती ती फक्त काळ्या फितीवर. म्हणजे शाळेला शिस्तीपेक्षा त्या मताचीच अडचण होती, असा अर्थ निघत होता.

विरोधात मत देणाऱ्यांत ह्यूगो ब्लॅक होते, जे एरवी अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते मानले जात. त्यांचं म्हणणं होतं की फितींमुळे मुलांचं लक्ष विचलित झालंच होतं, आणि अशाने शाळा शिक्षकांऐवजी विद्यार्थीच चालवू लागतील. शिस्तीची बाजू मांडणारे आजही साधारण हाच मुद्दा मांडतात.

‘व्यत्यय’ म्हणजे नेमकं किती?

ही कसोटी सुप्रीम कोर्टाने हवेतून आणलेली नव्हती. १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या दोन शाळांची प्रकरणं एकाच अपील कोर्टापुढे आली होती. दोन्हीकडे कृष्णवर्णीय विद्यार्थी मताधिकार चळवळीचे बिल्ले लावून आले होते आणि दोन्हीकडे शाळेने कारवाई केली होती. पहिल्या शाळेत बिल्ल्यांविषयी थोडी उत्सुकता, थोडी चर्चा, यापलीकडे काही घडलं नव्हतं, म्हणून तिथली बंदी रद्द झाली. दुसऱ्या शाळेत विद्यार्थी व्हरांड्यात गोंगाट करत होते, नको म्हणणाऱ्यांच्या कपड्यांवर बिल्ले टोचत होते. तिथली बंदी टिकली. एकाच कोर्टाने एकाच दिवशी दिलेले हे दोन निकाल. चळवळ तीच, फरक होता तो वर्तनाचा.

पण प्रत्येक प्रकरण इतकं सुटसुटीत नसतं. कॅलिफोर्नियातल्या मॉर्गन हिल इथल्या एका हायस्कूलमध्ये ५ मे २०१० रोजी ‘सिंको दे मायो’ हा मेक्सिकन सण साजरा होत होता. काही विद्यार्थी अमेरिकन झेंड्याचे टी-शर्ट घालून आले. आदल्या वर्षी याच दिवशी झेंड्यावरून दोन गटांत बाचाबाची झाली होती. शाळेने सांगितलं, टी-शर्ट उलटे घाला किंवा घरी जा. २०१४ मध्ये अपील कोर्टाने शाळेचं वागणं योग्य ठरवलं.

इथे कसोटीतली एक मोठी फट दिसते. टी-शर्ट घालणारे शांत होते, धोका होता तो त्यांच्यावर चिडणाऱ्यांकडून. मग आवाज कुणाचा बंद करायचा? बोलणाऱ्याचा, की त्याला मारायला उठणाऱ्याचा? चिडणाऱ्यांना अशी मुभा दिली, की जो जास्त आरडाओरडा करेल त्याच्या हाती दुसऱ्याला गप्प करण्याचं शस्त्र येतं. त्याच कोर्टातल्या काही न्यायाधीशांनी हाच आक्षेप नोंदवला होता. दुसरीकडे, हाणामारी झाली तर पालकांना उत्तर मुख्याध्यापकांनाच द्यावं लागतं, हेही खरं.

मिडलबरोच्या प्रकरणात अपील कोर्टाने भर दिला तो इतर विद्यार्थ्यांवरच्या परिणामावर: एखाद्याच्या ओळखीलाच नाकारणारा संदेश दिवसभर वर्गात समोर असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या शिकण्यावर परिणाम होईल, असा अंदाज शाळा बांधू शकते. असहमती नोंदवणाऱ्या न्यायाधीशांना हेच खटकलं. विरुद्ध बाजूचे संदेश शाळेत चालत होते, मग एकाच बाजूला चाप का, असा त्यांचा सवाल होता.

शाळांना नंतर कोणत्या सवलती मिळाल्या?

१९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की अश्लील वळणाच्या भाषणावर शाळा कारवाई करू शकते. २००७ मध्ये अमली पदार्थांना प्रोत्साहन देणारा वाटेल असा फलक काढून घेण्याची मुभा दिली. ही दोन्ही प्रकरणं कपड्यांची नव्हती, पण शाळा टी-शर्टबाबतही त्यांचा आधार घेतात.

तो प्रत्येक वेळी चालतोच असं नाही. व्हर्मॉन्टमध्ये एका मुलाच्या टी-शर्टवर तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यावर टीका होती आणि सोबत दारू, कोकेनची चित्रं. शाळेने चित्रं झाकायला सांगितली. २००६ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, हा नशेचा प्रचार नाही, राजकीय टीका आहे. पेनसिल्व्हेनियात दोन मुलींनी स्तनांच्या कर्करोगाबद्दल जागृती करणारी रबरी कडी घातली होती. त्यावरचा शब्द शाळेला चावट वाटला. २०१३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने मुलींच्या बाजूने कौल दिला. सामाजिक प्रश्नावरचा संदेश नुसता अवघडल्यासारखा वाटतो म्हणून तो अश्लील ठरत नाही, असा त्याचा सूर होता.

मग सरसकट गणवेशच लावला तर?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत गणवेश ही एरवी नवलाची गोष्ट. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लाँग बीचमधल्या शाळांनी तो सक्तीचा केला आणि १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात गणवेशाचा पुरस्कार केला. त्यानंतर हे लोण पसरलं.

कायद्याच्या दृष्टीने इथे सगळं गणित बदलतं. एका मताला बंदी आणि सगळ्याच मतांना बंदी, यात कोर्ट फरक करतं. टेक्सासमधल्या वॅक्साहाची इथे एका विद्यार्थ्याने शहराचं नाव असलेला टी-शर्ट घातला, तो चालला नाही. मग राष्ट्राध्यक्षपदाचे इच्छुक जॉन एडवर्ड्स यांच्या प्रचाराचा टी-शर्ट आणला, तोही चालला नाही. शाळेच्या नियमात मोजके अपवाद सोडून कपड्यांवर कसलाही मजकूर चालत नव्हता. २००९ मध्ये कोर्टाने नियम वैध ठरवला. म्हणजे काळी फीत थोपवू न शकणारी शाळा साधा पांढरा सदरा सक्तीचा करून जवळजवळ तोच परिणाम साधू शकते. टिंकर निकालाची धार यामुळे बोथट होते, पण याची चर्चा फारशी होत नाही.

गणवेशालाही मर्यादा आहेत. नेवाडातल्या एका प्राथमिक शाळेच्या गणवेशावर ‘उद्याचे नेते’ अशा अर्थाचं ब्रीदवाक्य छापलं होतं. एका पालकाने हरकत घेतली. २०१४ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, मुलाच्या अंगावर शाळेचं वाक्य घालणं म्हणजे त्याच्याकडून सक्तीने बोलवून घेणं, आणि त्याचं समर्थन शाळेला कठोर कसोटीवर करावं लागेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका चार्टर शाळेत मुलींना स्कर्टच घालण्याची सक्ती होती. २०२२ मध्ये कोर्टाने तीही घटनाबाह्य ठरवली. पण ती अभिव्यक्तीच्या नव्हे, तर समानतेच्या मुद्द्यावर.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: टिंकर निकालातच कोर्टाने स्पष्ट केलं होतं की हा वाद स्कर्टच्या लांबीचा, कपड्यांच्या प्रकाराचा किंवा केशरचनेचा नाही. म्हणून ‘मला हेच आवडतं’ एवढ्या आधारावर केस टिकत नाही, कपड्यातून काहीतरी सांगायचं आहे हे दिसावं लागतं. शिवाय हे सगळं सरकारी शाळांपुरतं. खासगी शाळांना अमेरिकेच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती लागूच होत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

भारतात गणवेश सवयीचा आहे, त्यामुळे वाद घोषणांच्या टी-शर्टवरून क्वचितच होतो. तो होतो धार्मिक पेहरावावरून, आणि कोर्टात अभिव्यक्तीच्या कलम १९ पेक्षा धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ पुढे येतं. कर्नाटक हायकोर्टाने १५ मार्च २०२२ रोजी वर्गातली हिजाबबंदी वैध ठरवली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी कायम ठेवली, न्या. सुधांशू धुलिया यांनी ती चुकीची ठरवली. मुलगी शाळेच्या फाटकातून आत गेली तरी तिची प्रतिष्ठा आणि खासगीपण तिच्यासोबत असतं, असा धुलिया यांच्या निकालाचा आशय होता. फाटकाची प्रतिमा इथेही आली.

धुलिया यांनी ज्या जुन्या निकालाचा मोठा आधार घेतला, तो १९८६ चा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढलं, सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं. त्या निकालात कलम १९ आणि २५ दोन्हींचा आधार होता.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२४ मध्ये आला. मुंबईतल्या चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांवर बंदी घालणारा ड्रेस कोड काढला. विद्यार्थिनींची याचिका मुंबई हायकोर्टाने २६ जूनला फेटाळली. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने हिजाब, टोपी आणि बॅजवरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा किंवा नकाब घालता येणार नाही, हा भाग मात्र तसाच ठेवला. सुनावणीत न्यायमूर्तींनी महाविद्यालयाला विचारलं, मग टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का? कर्नाटकचं मूळ प्रकरण मतभेदामुळे मोठ्या पीठाच्या स्थापनेसाठी सरन्यायाधीशांकडे सोपवण्यात आलं.