पालवणकर बाळू

खेळाडू राजकारणात शिरला की आमच्या कोल्हापुरात कुणाला नवल वाटत नाही. जिथे फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने उतरतात आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहतात, तिथे मैदानावरची टाळी आणि पेटीतले मत यांत अंतर ते किती असणार! पण एका थोर खेळाडूला ते अंतर ओलांडता आले नाही, आणि त्याच्यासमोर उभे होते खुद्द बाबासाहेब.

पालवणकर बाळूंचा जन्म 1876 च्या सुमाराचा, धारवाडचा, चांभाराच्या घरातला. वडील पलटणीत नोकरीला. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर हा पोरगा खेळपट्टी झाडी, रोलर फिरवी. ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी गोलंदाज हवा असे. बाळूचा डाव्या हाताचा संथ चेंडू तो तासन् तास खेळे. चेंडू मिळाला, बॅट मात्र या पोराच्या हाती कुणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूला घेतले. त्याने टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या वेळी मात्र तो मंडपाबाहेर, आणि चहा मातीच्या पेल्यात! चेंडूला विटाळ नाही, बशीला आहे, हा कोणत्या स्मृतीतला नियम? याच विटाळाला आमच्या शाहू महाराजांनी गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलातला चहा पिऊन उत्तर दिले होते.

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद तरीही मिळाले नाही. 1920 साली (माणगावची परिषद याच सालची) त्यांना संघातून वगळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी आपणहून माघार घेतली. गवगवा झाला, तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले. कर्णधारपद घरात आले ते 1923 साली, विठ्ठलच्या रूपाने.

तरुण आंबेडकरांना बाळूंचा मोठा अभिमान. पण पुढे वाटा फुटल्या. 1932 च्या पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूला झुकले आणि 1937 साली काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. मला तर यात जिमखान्याचीच जुनी रीत दिसते: बाळूच्या हाती चेंडू द्यायचा, डाव दुसऱ्यांचा. अर्थात बाळू काही बाहुले नव्हते. मंदिरे आणि पाणवठे सवर्णांनीच मोकळे करावेत, अशी त्यांची आशा असेल. मंडपाबाहेर चहा प्यायलेल्या माणसाने एवढी आशा बाळगावी, याचेच मला आश्चर्य वाटते.

बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. बाळू 1955 साली गेले. बाबासाहेब पुढच्याच वर्षी.