घरांतला ग्रंथ : बेने इस्रायलांची कथा

अलिबागच्या उत्तरेस नवगांव म्हणून समुद्रकांठचें एक खेडें आहे. दूर देशाहून आलेलें एक गलबत येथल्या खडकांवर आपटून फुटलें, त्यांतील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि लाटांनीं किनाऱ्यावर टाकलेल्या प्रेतांना त्यांनीं तेथेंच मूठमाती दिली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. हा प्रसंग कोणत्या शतकांतला याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. परंतु कथेचा एक भाग विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. माणसांबरोबर त्या दिवशीं धर्मग्रंथही बुडाले, असें ती सांगते. ज्या धर्माचा सारा आधार ग्रंथावर, त्या धर्माची माणसें ग्रंथावांचून परक्या किनाऱ्यावर उभीं राहिलीं. पुढें त्यांची श्रद्धा टिकली कशी, आणि हरवलेला ग्रंथ परत हातीं आला तेव्हां त्यांच्या घरांत काय घडलें, हा इतिहास कोंकणाचा आहे तसाच मराठी भाषेचाही आहे.

हीं कुटुंबें कोंकणांतील खेड्यापाड्यांतून पसरलीं. तेलाचे घाणे चालविणें हा त्यांचा मुख्य व्यवसाय झाला. ज्या गांवीं वस्ती केली त्या गांवावरून आडनांवें पडलीं : दिव्याचे ते दिवेकर, केहीमचे ते केहीमकर. बोली मराठी झाली, पोशाख शेजाऱ्यांचा झाला. मात्र शनिवारीं त्यांचा घाणा फिरत नसे. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. मुलगा जन्मला कीं आठव्या दिवशीं त्याची सुंता होई. ईश्वर एकच आहे असें सांगणारें ‘शेमा’ हें हिब्रू वचन त्यांच्या तोंडीं राहिलें होतें. जन्म, विवाह, मृत्यु या सर्व प्रसंगीं तेंच म्हटलें जाई. बाकीचें हिब्रू विस्मृतींत गेलें होतें.

सणांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. त्यांचीं हिब्रू नांवें गेलीं, पण सण राहिले, आणि घरांतील माणसांनीं त्यांना डोळ्यांपुढें दिसेल त्यावरून नांवें दिलीं. वर्षारंभाच्या सणाला ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवशीं घराचीं दारें लावून सारें कुटुंब आंत बसे. तो ‘दारफाळणीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला. मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेचा पेसाह हा सण आंबट कालवणाचें भांडें झांकून ठेवण्यावरून ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणून ओळखला जाई. त्या सणांत आंबवलेलें कांहीं घरांत ठेवूं नये, ही शास्त्राची आज्ञा. आज्ञा विसरली गेली होती. तिच्यामुळें झांकलें जाणारें भांडें मात्र पिढ्यान् पिढ्या झांकलें जात होतें. कां झांकावयाचें, असें एखाद्या मुलानें विचारलें असतें तर ‘आपली चाल आहे’ यापलीकडे आईला उत्तर देतां आलें नसतें.

अशा स्थितींत डेव्हिड रहाबी नांवाचा एक विद्वान् कोंकणांत आला. कोणी त्याचा काळ अठरावें शतक मानतात, कोणी त्याहून बराच जुना. हे तेली यहुदी असावेत असा संशय येऊन त्यानें परीक्षा पाहिली. परीक्षा ग्रंथाची नव्हती. त्यानें स्त्रियांपुढें निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली व ती रांधावयास सांगितलें. ज्या मासळीला पर आणि खवले नाहींत ती त्यांनीं बाजूला काढली. आम्ही ही खात नाहीं, म्हणाल्या. मोशेच्या नियमशास्त्रांत हाच नियम लिहिलेला आहे. तेव्हां रहाबीचा संशय फिटला. त्यानें तीन तरुणांना निवडून हिब्रू वाचन व धर्मविधि शिकविले, आणि पुढें त्यांना काजी ही पदवी मिळाली, असें परंपरा सांगते. ही कथा जशीच्या तशी घडली असो वा नसो, समाजाला स्वतःविषयीं काय वाटत होतें तें तींत स्पष्ट उमटलें आहे. ग्रंथ बुडाल्यावर धर्म चुलीपाशीं राहिला, आणि तो ओळखला गेला तो स्त्रियांच्या हातांवरून.

अठराव्या शतकांत पुष्कळ कुटुंबें मुंबईस आलीं व कांहीं पुरुष कंपनी सरकारच्या फौजेंत शिरले. त्यांपैकीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे टिपूच्या लढाईंत कैद झाले होते. सुटून आल्यावर १७९६ सालीं त्यांनीं मुंबईंत मांडवी भागांत ‘शाअर हाराहामीम’, म्हणजे दयेचें द्वार, हें समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. मंदिर उभें राहिलें, पण तोराच्या गुंडाळ्या हव्या होत्या. त्या आणण्यासाठीं ते कोचीनला गेले व १७९७ मध्यें तेथेंच वारले, असें सांगतात. पुढें कोचीनहून आलेल्या शिक्षकांनीं मंदिरांतील पाठ शिकविले. तरी पाठ हिब्रूंत. घरीं परतल्यावर त्याचा अर्थ सांगणारें कोणी नव्हतें.

अर्थ आला तो अनपेक्षित वाटेनें. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ सालीं मुंबईस आले. त्यांनीं शाळा काढल्या, छापखाना घातला. १८२६ मध्यें मराठी नवा करार व १८४७ मध्यें संपूर्ण मराठी बायबल प्रसिद्ध केलें. त्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुलें शिकलीं, आणि समाजांतील कित्येकजण शिक्षकही झाले. १८२९ सालीं आलेल्या स्कॉटिश मिशनच्या डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ मध्यें हिब्रूचें व्याकरण मराठींत लिहिलें. अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद यांच्या कथा मुलें शाळेंतून शिकून येऊं लागलीं आणि घरीं सांगूं लागलीं. बापाला जें ठाऊक नव्हतें तें मुलाच्या तोंडून घरांत आलें.

यांत धोका होता. जो ग्रंथ परत देत होता तोच ग्रंथाचा निराळा अर्थही शिकवीत होता, आणि धर्मांतर हा त्याचा उघड हेतु होता. घरांत चाल होती पण तिचें कारण नव्हतें. शाळेंत कारण मिळे पण तें परधर्मी गुरूच्या तोंडून. अशा वेळीं तरुण पिढी दुरावणें अगदीं संभवनीय होतें. प्रत्यक्षांत मिशनच्या पदरीं फारच थोडे लोक पडले. मुलांनीं अक्षर घेतलें, व्याकरण घेतलें, आणि तें घरच्या झांकलेल्या भांड्याचा अर्थ लावण्यासाठीं वापरलें. दारफाळणीचा उपवास, बाजूला काढलेली मासळी, शनिवारचा थांबलेला घाणा, या सर्वांचीं कारणें ग्रंथांत सांपडूं लागलीं. आई-आजी जें करीत होत्या तें अडाणीपण नसून शास्त्र होतें, हें घरांतच सिद्ध झालें.

पुढचें पाऊल समाजानें स्वतः टाकलें. पेसाहच्या रात्रीं कुटुंबानें एकत्र बसून जें पुस्तक वाचावयाचें त्यास हग्गादा म्हणतात. १८४६ सालीं मुंबईंत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर छापली गेली. १८७४ मध्यें पुण्यास मोझेस जेकब तळकर व एरन डेव्हिड तळकर यांनीं सचित्र आवृत्ति काढली. तिच्यांतील चित्रांत बेखमीर भाकर करणाऱ्या स्त्रिया या देशाच्या पोशाखांत दाखविल्या आहेत. या पुस्तकाची रचनाच कुटुंबासाठीं आहे. सर्वांत धाकट्या मुलानें विचारावयाचें कीं आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी कां, आणि वडिलांनीं सुटकेची सारी कथा सांगावयाची. पुढें चार प्रकारच्या मुलांचें वर्णन आहे : शहाणा, उद्धट, भोळा, आणि ज्याला विचारतांच येत नाहीं असा. या चौथ्यासाठीं वडिलांनीं आपण होऊनच आरंभ करावा, असा नियम आहे. प्रश्न कळला नाहीं तर तो विचारण्यांत अर्थ नाहीं, आणि उत्तर कळलें नाहीं तर तें देण्यांत अर्थ नाहीं. म्हणून मराठी भाषांतर हें त्या विधीच्या मर्मालाच धरून होतें. पाटावर बसलेल्या मुलाच्या प्रश्नाला, शतकानुशतकें न देतां आलेलें उत्तर, बापानें आईच्या भाषेंत दिलें.

हें काम पुढें अनेकांनीं वाढविलें. डेव्हिड ससून यांच्या नांवाच्या मुंबईंतील शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थनांचीं पुस्तकें एकामागून एक मराठींत आणलीं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८७५ मध्यें समाजाची शाळा काढली, आणि समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. १८८० च्या सुमारास मुंबईंतील तरुणांनीं बायबलांतील चरित्रांवर कीर्तनें रचून म्हणण्यास प्रारंभ केला. साक्या, दिंड्या, पदें यांच्या चालींवर अब्राहाम व योसेफ यांचीं आख्यानें होऊं लागलीं. ज्यांना हिब्रू येत नव्हतें आणि पुस्तकही वाचतां येत नव्हतें अशा वृद्ध स्त्रियाही नातवंडांना घेऊन बसत व ऐकत. ग्रंथ असा कानांवाटे चुलीपाशीं परतला.

ग्रंथ आला तसे वादही आले. जें लिहिलेलें नाहीं तें सोडावें असें नव्या मंडळींस वाटे. वडीलधाऱ्यांस आजीची चाल मोडवेना. सणांचीं जुनीं मराठी नांवें मागें पडलीं व हिब्रू नांवें रूढ झालीं, ही त्यांतली हानि म्हटली पाहिजे. पण सर्वच गेलें नाहीं. एलियाहू नबीच्या नांवानें पोहे, खोबरें, साखर व फळें मांडून घरोघर मलिदा केला जातो. एलियाहू अग्निरथांतून स्वर्गास गेला असें ग्रंथ सांगतो. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळ खंडाळा येथें खडकावर उमटली आहे असें समाज मानतो. मलिद्याची आज्ञा ग्रंथांत नाहीं, परंतु त्या ताटावर ग्रंथांतलींच वचनें म्हटलीं जातात. लिहिलेलें आणि चालत आलेलें, दोन्ही एका ताटाभोंवतीं बसलीं.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायल देशांत गेला. तेथें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहसंबंधांविषयीं शंका काढल्या. पुष्कळ निदर्शनांनंतर १९६४ मध्यें तेथील संसदेनें त्यांच्या पूर्ण यहुदीपणाला मान्यता दिली. रहाबीच्या काळीं जो प्रश्न मासळीच्या टोपलीपुढें सुटला, तो पुन्हां सभागृहांत सोडवावा लागला. आतां त्या देशांतील नातवंडांची भाषा हिब्रू आहे, आणि मराठीच समजावून सांगण्याची पाळी आजोबांवर आली आहे. भाषांतराची दिशा उलटली. पण पेसाहच्या रात्रीं धाकटें मूल विचारतें तो प्रश्न तोच आहे, आणि घरांतल्या वडील माणसानें त्याला कळेल अशा शब्दांत उत्तर द्यावयाचें, ही जबाबदारीही तीच.