कांटेरी मुकुट

राजाचा उपहास करावयाचा तर त्याचीं राजचिन्हें हिरावून घेण्यापेक्षां खोटीं राजचिन्हें त्याच्या अंगावर चढविणें अधिक बोचरें ठरतें. येशू ख्रिस्ताच्या अंतकाळीं रोमन शिपायांनीं हेंच केल्याचें शुभवर्तमानांत वर्णिलें आहे. इ. स. २६ ते ३६ या काळांत यहुदियाचा सुभेदार असलेल्या पंतय पिलातानें फटके मारविलेल्या त्या कैद्याला त्यांनीं जांभळें वस्त्र नेसविलें, कांट्यांचा मुकुट घातला आणि गुडघे टेकून यहुद्यांचा राजा म्हणून मुजरे केले. जांभळा रंग समुद्रांतील शंखजीवांपासून मोठ्या खर्चानें काढीत. म्हणून तो वैभवाचें चिन्ह. मत्तय मात्र किरमिजी झगा सांगतो. तो शिपायाचाच असावा.

असा दुसरा प्रसंग फिलो या समकालीन यहुदी तत्त्ववेत्त्यानें नोंदविला आहे. इ. स. ३८ मध्यें यहुदी राजा अग्रिप्पा अलेक्झांड्रियास आला, तेव्हां त्याच्या द्वेष्ट्यांनीं काराबास नांवाच्या एका निरुपद्रवी वेड्याला व्यायामशाळेंत नेऊन उंच जागीं उभें केलें. मस्तकीं पपायरसचा मुकुट, अंगावर चटई, हातीं लव्हाळ्याचा राजदंड! लवकरच त्या नगरींतील यहुद्यांचीं घरें लुटलीं गेलीं, माणसें जिवंत जाळलीं गेलीं. तेथील थट्टा हा अत्याचाराचा पूर्वरंग होता.

दोन्ही ठिकाणीं समोरचा मनुष्य निमित्तमात्र. खरा रोख एका जित समाजाच्या स्वराज्याच्या आशेवर होता. वधस्तंभावरील पाटी इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती. तिच्यावरील ‘राजा’ या शब्दास याजकांनीं हरकत घेतली, ती पिलातानें मानली नाहीं, असें योहान सांगतो.

शुभवर्तमानकारांनीं या उपहासाचा अर्थच उलटा केला. थट्टेनें म्हटलेलें नकळत सत्य ठरलें, असें त्यांचें सांगणें. चौथ्या शतकांतील एका रोमन शवपेटिकेवर तर शिपाई येशूला कांट्यांऐवजीं विजयाची पर्णमाला घालीत आहे.

पुढें हा मुकुट स्वतःच राजवैभव बनला. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहानें व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडे गहाण टाकलेला, तोच मूळचा म्हणून पूजिला जाणारा अवशेष, फ्रान्सचा नववा लुई यानें १२३९ मध्यें सोडवून आणिला. अनवाणी चालत त्यानें तो राजधानींत नेला आणि त्याच्यासाठीं भव्य प्रार्थनामंदिर उभारिलें. त्याच राजाच्या अमदानींत, १२४२ च्या सुमारास, पॅरिसमध्यें यहुद्यांचे ताल्मुद ग्रंथ गाड्या भरभरून जाळण्यांत आले. कांटेरी मुकुटापुढें राजानें मस्तक नमविलें. परंतु ज्या समाजाच्या राजाची चेष्टा म्हणून तो प्रथम विणला गेला, त्या समाजाच्या वांट्यास कांटेच राहिले.